पहिला नाताळ, दोघांचाच

या महिन्यात सीमाभागातून आलेली बरीचशी पत्रं नवविवाहितांची आहेत. नोकरीमुळे घर लांब आणि नाताळ तोंडावर. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आमचं लग्न मे महिन्यात झालं. मी वसईची, कॅथलिक. हे अहिल्यानगरचे, प्रोटेस्टंट. यांची नोकरी उद्यमबागेत, म्हणून टिळकवाडीत भाड्याने राहतो. २६ तारखेला यांना कामावर हजर व्हायचंच आहे, त्यामुळे यंदा वसईही नाही आणि नगरही नाही. घरमालकीणबाई शाकाहारी आहेत, घरात अंडंही चालत नाही. आईकडे नाताळला पंधरा-वीस माणसं जेवायला असतात. इथे आम्ही दोघंच. कुठल्या चर्चला जावं, काय करावं, किती करावं?
(एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : आधी चर्चचं ठरवा. स्वयंपाक, फोन, झोप हे सगळं त्याच्या वेळेवर बसतं. तुमच्या घरात दोन रीती आहेत आणि त्यांच्या वेळा एकमेकींच्या आड येत नाहीत. २४ च्या रात्री कॅथलिक मिस्सा असते, २५ च्या सकाळी प्रोटेस्टंट उपासना. पहिल्या वर्षी दोघांनी मिळून दोन्हीकडे जा. ‘तुमचं चर्च, आमचं चर्च’ अशी वाटणी एकदा पडली की ती पुढे बदलणं जड जातं.

कॅम्पात फातिमा कॅथेड्रल आहे, इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च आहे. प्रोटेस्टंट उपासनेसाठी कॅम्पातलं सेंट मेरीज आहे, मेथडिस्ट मंडळीही शहरात जुनी आहे. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली झाला. इथली कॅथलिक वस्ती गोव्याशी बांधलेली, त्यामुळे वसईसारखी सगळी मिस्सा मराठीत मिळेल असं धरून चालू नका. कोकणी, इंग्रजी, कन्नड, मराठी अशा भाषा वाटून घेतलेल्या असतात. नाताळच्या आधीच्या रविवारी स्वतः जाऊन फलकावर दोन गोष्टी बघा, भाषा आणि वेळ. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधनं असल्यामुळे ‘मध्यरात्रीची’ मिस्सा पुष्कळ ठिकाणी आधीच सुरू होते. बारा वाजता पोचलात तर शेवटचं गीत ऐकायला मिळेल. बसायला जागा हवी असेल तर पाऊण तास आधी पोचा आणि स्वेटर घ्या. चर्च भरलं की मागची माणसं बाहेर मांडवात असतात, आणि बेळगावची डिसेंबरातली रात्र वसईच्या रात्रीसारखी नसते.

एक गोष्ट दोघांनी घरीच बोलून घ्या. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) सामान्यतः कॅथलिकांनाच देतात. रांग पुढे सरकते आणि शेजारी बसलेल्या यजमानांना काय करावं सुचत नाही, असं व्हायला नको. त्यांनी जागेवर बसून राहिलं तर कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तुम्ही स्वतः ख्रिस्तप्रसाद घेणार असाल तर त्याच्या आधी तासभर काही खायचं नसतं, म्हणून रात्रीचं जेवण आठलाच उरकून घ्या. सकाळच्या उपासनेत प्रभुभोजन असेल तर तिथे तुम्ही काय करायचं, हे पाळकांना आणि तुमच्या फादरना आधी विचारून ठेवा.

आता खाणं. आईची मापं चुकीची नसतात, पण त्यांत दोन गोष्टी न सांगता धरलेल्या असतात, वीस माणसं आणि वसईची हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. डिसेंबरात हवा कोरडी, रात्री गार. इथे यीस्ट हळू चालतं, पीठ लवकर सुकतं, तूप थिजतं. तीच कृती जशीच्या तशी केली आणि बिघडली तर तो तुमच्या हाताचा दोष नाही. फराळात दोनच पदार्थ घ्या, प्रत्येकी पाव किलो मैद्याचे. एक तुमच्याकडचा, कुलकुल (काट्यावर वळून तळलेला गोड पदार्थ). एक यांच्याकडचा, करंजी किंवा शंकरपाळी. नगरकडे नाताळचा फराळ दिवाळीसारखाच होतो, तेव्हा सासूबाईंना फोन करून त्यांच्या करंजीचं सारण विचारा. त्यांना फार बरं वाटेल.

कुलकुलासाठी मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, कडकडीत तुपाचं मोहन दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं, साधारण १०० मिली, नारळाचं दूध. अंडं लागत नाही. पीठ पुरीपेक्षा घट्ट हवं. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. फडकं कोरडं झालं की या हवेत दहा मिनिटांत गोळ्यावर साल धरते आणि मग वळताना भेगा पडतात. म्हणून एका वेळी लिंबाएवढाच गोळा बाहेर काढा.

लाटी गोटीपेक्षा लहान. काट्याच्या पाठीवर तुपाचा हात फिरवा, लाटी टोकाशी ठेवा आणि अंगठ्याने खाली ओढत पातळ पसरवा. खालून काट्याच्या रेघा उमटतात. मग एका कडेपासून सुरळी करा आणि शेवटची कड अंगठ्याने हलकेच दाबा. ही कड नीट दाबली नाही तर कुलकुल तेलात उलगडतं. कड सुकी असेल तर पाण्याचं बोट लावा. तेलात पडल्यावर तुकडा दोन-तीन सेकंद तळाशी थांबून मग वर आला की आच बरोबर. लगेच वर उसळला तर तेल फार तापलंय. बाहेरून रंग येईल, आत ओल राहील आणि दुसऱ्या दिवशी कुलकुलं मऊ पडतील. तशी पडलीच तर मंद आचेवर कोरड्या कढईत पाच-सात मिनिटं परता, पुन्हा खुसखुशीत होतात. तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय. उरलेल्या पिठात मूठभर मैदा मळा. पिठातल्या साखरेमुळे रंग झपाट्याने चढतो, म्हणून हव्या त्या रंगाच्या जरा आधीच काढा. कोरड्या हवेचा फायदा इथे मिळतो. पूर्ण गार करून डबा घट्ट लावलात तर कुलकुलं पंधरवडाभर कुरकुरीत राहतात.

हे काम दोघांनी बसून करायचं आहे. १४-१५ तारखेच्या सुमारास सुट्टीचा दिवस धरा, फोन ताटाला टेकवून आईला व्हिडिओ कॉल लावा आणि ती बोलत असताना वळत बसा. हा तासभर नाताळच्या दिवशीच्या पाच मिनिटांच्या गलक्यापेक्षा दोघींना जास्त पुरेल.

२५ च्या जेवणासाठी मालकीणबाईंचा नियम पाळूनच बेत आखा. ‘एवढ्या एका दिवशी कोणाला कळतंय’ असं करू नका. मटणाचा वास जिन्यात जातो, आणि सणाच्या दिवशी दारात बोलाचाली झाली तर ती वर्षभर आठवते. मटण-मासळी कॅम्पात बाहेर जाऊन खा, हॉटेलात आधी जागा सांगून ठेवा. घरी फुग्या (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि बटाटा-मटारचं दाट कालवण करा. मसाला आईकडून मागवा, शंभर ग्रॅम बाटली मसाला पोस्टाने सहज येतो. फक्त पार्सल १५ तारखेच्या आत निघू द्या.

दोघांच्या फुग्यांना मैदा २५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट एक छोटा सपाट चमचा, साखर दोन छोटे चमचे, मीठ अर्धा चमचा आणि कोमट नारळाचं दूध २०० ते २२० मिली. वसईकडे ताडीवर फुगवतात, ती इथे शोधत बसू नका. दूध बोटाला जेमतेम कोमट लागावं. चटका बसण्याइतकं असेल तर यीस्ट मरतं आणि पीठ फुगतच नाही. वसईत तासाभरात वर येणारं पीठ इथे सकाळच्या गारव्यात अडीच-तीन तास घेतं. हे तुमच्या सोयीचंच आहे. उपासनेला निघण्याआधी साडेसातला पीठ फेटून झाका, भांडं जुन्या चादरीत गुंडाळा आणि जा. परत याल तेव्हा तयार असेल. ओल्या हाताच्या मुठीतून अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येऊ द्या, ओल्या चमच्याने तेलात सोडा. शेपट्या येत असतील तर पीठ पातळ आहे, दोन चमचे मैदा घाला.

जड जाणाऱ्या वेळा दोन असतात. पहिली २४ ची संध्याकाळ, पाच ते नऊ. तेव्हा हात रिकामे राहू देऊ नका. गोठ्याची मांडणी आणि बाळ येशूसाठी गव्हाणीत गवत अंथरणं याच वेळेसाठी राखून ठेवा, आधी उरकून टाकू नका. दुसरी २५ ची दुपार, जेवणानंतर. बाराच्या सुमाराला घरी फोन लावू नका. तिकडे पंगत बसलेली असते, फोन या हातातून त्या हातात जातो, कोणाशीच धड बोलणं होत नाही आणि ठेवल्यावर घर आणखी रिकामं वाटतं. सकाळी दहाला एका घरी आणि दुपारी चारला दुसऱ्या घरी, दोघांनी शेजारी बसून बोला. आई रडली तर रडू द्या. ‘अगं आम्ही मजेत आहोत’ म्हणून तिला गप्प करू नका.

आणि जेवायला कोणाला तरी बोलवा. बेळगावात वैद्यकीय आणि नर्सिंग कॉलेजांत लांबून आलेली मुलंमुली असतात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे लष्करी कुटुंबंही असतात. त्यांतल्या कितीतरी ख्रिस्ती घरांना या दिवशी घरी जाता येत नाही. आठवडाभर आधी फादरना किंवा पाळकांना सांगा की आमच्याकडे दोन माणसांची जागा आहे. दोनच. पहिल्याच वर्षी सहा माणसांचा घाट घातलात तर दिवस ओट्यापाशी जाईल.

प्रश्न : ओव्हन नाही. गेल्या महिन्यात बायकोच्या वाढदिवसाला कुकरमध्ये केक केला. मध्ये खड्डा पडला, सुका मेवा सगळा तळाशी, खालून करपला. नाताळला पुन्हा करायचाय, बिनअंड्याचा.
(खानापूर)

उत्तर : तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत.

मेवा तळाशी बसतो तो ओला असल्यामुळे किंवा पीठ पातळ असल्यामुळे. मनुका, टुटीफ्रुटी, काजू, खजूर मिळून १५० ग्रॅम बारीक चिरा. संत्र्याच्या रसात भिजवणार असाल तर फ्रिजमध्येच आणि दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. बाहेर ठेवलेला रस आंबतो. घालण्याआधी तासभर चाळणीत निथळा आणि चमचाभर कोरड्या मैद्यात घोळवा. खड्डा पडतो तो सोडा जास्त झाल्यामुळे किंवा झाकण लवकर उघडल्यामुळे. पहिली चाळीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. करपतो तो पातळ भांड्यामुळे.

माप असं घ्या : मैदा १९० ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, दालचिनी-जायफळाची पूड अर्धा चमचा हे दोनदा चाळून घ्या. साखर १५० ग्रॅम, त्यातली ५० बाजूला काढा. उरलेली १०० ग्रॅम साखर १८० ग्रॅम आंबट नसलेल्या दह्यात विरघळवून त्यात ११० मिली बिनवासाचं तेल फेटा. बाजूची साखर जाड बुडाच्या पातेल्यात कोरडीच वितळवा. रंग चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा झाला की गॅस बंद करा आणि मग ६० मिली कढत पाणी बेताबेताने, हात लांब ठेवून घाला, कारण ते जोरात उसळतं. गार पाणी घातलंत तर आणखी उडतं आणि साखरेचा दगड होतो. रंग काळा झाला असेल तर टाकून द्या, अख्खा केक कडू होईल. हा पाक पूर्ण गार झाल्यावरच दह्यात जाऊ द्या, गरम असेल तर दही फाटतं. शेवटी मैदा घालून एकाच दिशेने, गाठी मोडण्यापुरतंच ढवळा. फार फेटलंत तर केक चिवट होतो. पीठ पळीवरून जाड फितीसारखं पडायला हवं.

कुकरऐवजी जाड कढई किंवा बिडाचं भांडं घ्या. अॅल्युमिनियमचा कुकर पाण्याशिवाय तासभर तापवला तर त्याचं बूड वाकतं. कुकरच वापरायचा असेल तर जुना घ्या, शिट्टी आणि गास्केट दोन्ही काढा. तळाशी बोटभर जाड मीठ, त्यावर स्टँड, झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. सात इंची डब्याला तळाशी कागद लावा, पीठ अर्ध्याच्या थोडं वर भरा. मग सगळ्यात बारीक आच, ५० ते ६० मिनिटं. सुरी कोरडी निघाली की गॅस बंद करून दहा मिनिटं तसाच राहू द्या. कापायचा दुसऱ्या दिवशी. २३ ला रात्री करा, २५ ला त्याची चव खरी लागते.

प्रश्न : विकतचा तारा दोन दिवसांत फाटतो. यंदा घरीच करायचाय. आणि गोठ्यापुढचं गव्हाचं गवत दर वेळी पिवळं पडतं, बुरशी येते.
(निपाणी)

उत्तर : बुरुडाकडून एक सेंटिमीटर रुंदीच्या, ६० सेंमी लांबीच्या १० कामट्या आणि १२ सेंमीचे ५ तुकडे आणा. प्रत्येक लांब कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंमीवर खूण करा, म्हणजे मध्ये १४ सेंमी उरतात. पाच कामट्यांची चांदणी जमिनीवर रचा. कामट्या एकमेकींना बरोबर या खुणांवर छेदल्या की पाचही टोकं सारखी येतात, डोळ्याच्या अंदाजावर काम राहत नाही. टोकं आणि छेद दोऱ्याने आवळा. अशा दोन चांदण्या झाल्या की पाचही टोकं एकमेकींना बांधा आणि आतल्या पाच छेदांत १२ सेंमीचे तुकडे उभे अडकवा. मधोमध पोट फुगतं.

विकतचा फाटतो कारण त्यावर एकच मोठा कागद ताणलेला असतो. पतंगी कागद प्रत्येक त्रिकोणाला वेगळा कापा, कडेला एक सेंमी घडी ठेवून चिकटवा. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घाला, म्हणजे झुरळं खात नाहीत. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे खळ स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका आणि हात धुवा. मागचा खालचा एक त्रिकोण उघडा ठेवा, बल्ब तिथून जातो आणि हवाही खेळते. बल्ब ५ वॉटचा एलईडी. जुना तारेचा बल्ब कागदाला भाजून काढतो. वरून टांगताना खालच्या टोकालाही एक दोरी बांधून कठड्याला ओढून घ्या. तारा वाऱ्याने फाटत नाही, हेलकाव्यांनी फाटतो.

गवत पिवळं पडतं कारण ताट शेवटपर्यंत गोठ्याच्या आड, अंधारात राहतं. बुरशी येते ती दाणे थरावर थर पडल्यामुळे. १०० ग्रॅम गहू रात्रभर भिजवा, दिवसभर ओल्या फडक्यात बांधा, मग दोन-तीन सेंमी मातीवर एकाच थरात पसरा आणि वरून चाळलेली माती भुरभुरा. दोन दिवस झाकण, नंतर खिडकीचा उजेड. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. या थंडीत चार बोटं उंचीला साधारण दहा दिवस लागतात, तेव्हा १३ च्या रात्री भिजत घाला. नाचणी घेणार असाल तर तीन-चार दिवस आधी. गोठ्यात ताट ठेवायचं ते २४ लाच. बाळ येशूही त्याच रात्री, आणि तीन राजे ६ जानेवारीपर्यंत थोडे लांबच उभे राहू देत.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर नवं ख्रिस्ती जोडपं राहतं. दोघंही लांबचे, पहिलाच नाताळ. मला मुलीची ओटी भरावीशी वाटते. चालेल का? नाहीतर काय द्यावं?
(शहापूर, बेळगाव)

उत्तर : तुमच्या मनात आलं हेच त्या मुलीला मोठं आहे, ताई. खण-नारळ अवश्य द्या, फक्त हळदकुंकू लावण्याआधी ‘लावू का गं?’ एवढं विचारा. काही जणी लावून घेतात, काही नाही. ती नको म्हणाली तर खण-नारळ तसाच हातात द्या. पाव किलो कुंदा न्या. बेळगावात आल्यावर त्यांनी तो चाखला असेल, पण घरी कोणी आणून दिलेला नसेल. सकाळी ते चर्चमध्ये असतील, म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा आणि ‘नाताळच्या शुभेच्छा’ म्हणा. ती वेळ त्यांना एकटं वाटण्याची असते. २४ च्या रात्री उशिरा परततील, तेव्हा फाटकाची किल्ली आधीच देऊन ठेवा आणि जिन्यातला दिवा चालू राहू द्या. त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं आणि तुम्ही अंडं खात नसाल तर मोकळेपणाने विचारा, त्यांना राग येत नाही. ते ताट रिकामं परत करायला जड वाटत असेल तर घाई करू नका, संक्रांतीला तिळगूळ घालून द्या.

प्रश्न : यंदा तिकीट मिळालं नाही. पुढच्या वर्षी नाताळला नगर किंवा वसई गाठायची तर कधी बघावं?
(बेळगाव)

उत्तर : रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. २३ डिसेंबरला निघायचं तर २४ ऑक्टोबरला सकाळी आठच्या आधी तयारीत बसा. नगरला गोवा एक्स्प्रेस थेट जाते. वसईसाठी दादरपर्यंतची गाडी घ्या, पुढे लोकल. दादरला जाणाऱ्या गाड्या ठरावीक वारी असतात, त्यामुळे आधी वार बघा आणि मग रजेचा अर्ज द्या.